आधी पाच मिनिटे शांत बसा

जिना चढून, धापा टाकत दवाखान्यात आलेल्या माणसाचा रक्तदाब आम्ही डॉक्टर लगेच मोजत नाही. त्याला खुर्चीत पाठ टेकून बसवतो, पाय जमिनीवर ठेवायला सांगतो, बोलणे थांबवायला सांगतो आणि पाच मिनिटांनी दंडाला पट्टा बांधतो. धावपळीनंतर लगेच घेतलेला आकडा खोटा नसतो. परंतु तो त्या माणसाच्या प्रकृतीचा नसून त्या क्षणाच्या धापेचा असतो. अशा एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणे योग्य नव्हे.

मतांचेही असेच असते. युद्ध व्हावे की होऊ नये, शेजारचा देश, शेजारची वस्ती आणि शेजारचा माणूस यांच्याविषयी आपल्याला काय वाटते, ही मते लहानसहान नव्हेत. राज्यकर्ते निर्णय घेताना त्यांचा कानोसा घेतात आणि घरातली नातवंडे तीच मते नकळत उचलतात. ही मते आपण कोणत्या अवस्थेत बनवतो, हा प्रश्न म्हणूनच आरोग्याचाही आहे. या सदरात आपण सहसा साखर, सांधे आणि झोप यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा वाटेल. परंतु तो शेवटी त्याच शरीरापाशी येऊन थांबतो.

मे २०२५ मधील ते चार दिवस

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांपैकी सहा जण महाराष्ट्रातील होते. डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथील घरांवर कोसळलेले ते दुःख आपल्या सर्वांना आपल्याच अंगणातले वाटले. आलेला संताप खरा होता आणि तो न्याय्यही होता. ६ आणि ७ मेच्या दरम्यानच्या रात्री भारताने पाकिस्तान व पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणी हल्ले केले. पुढे १० मे रोजी सायंकाळी पाच वाजल्यापासून लष्करी कारवाई थांबवण्याचे उभय देशांत ठरले.

या चार दिवसांत सीमेवर जे घडले, त्याच्या जोडीने मोबाइलच्या पडद्यावर आणखी एक युद्ध चालू होते. लेबनॉनची राजधानी बैरुत येथे २०२० मध्ये झालेल्या स्फोटाची चित्रफीत पाकिस्तानने भारतावर केलेला क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरत होती. जालंधरवर ड्रोन हल्ला झाल्याचे सांगणारी दृश्ये प्रत्यक्षात शेतातल्या आगीची होती. ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकीय खेळातील चित्रे खऱ्या हवाई लढाईची म्हणून दाखवली जात होती. एटीएम दोनतीन दिवस बंद राहणार, असा संदेश घरोघरी पोहोचला आणि अनेक निवृत्तिवेतनधारकांची झोप उडाली. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाला यांतील अनेक गोष्टींचे एकेक करून खंडन करावे लागले.

हे एकाच बाजूला घडले असे नाही. भारतीय विमाने पाडल्याच्या दाव्याचा पुरावा सीएनएनच्या मुलाखतीत विचारला गेला, तेव्हा पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी समाजमाध्यमांकडे बोट दाखवले. मूळ दाव्यात तथ्य किती हा भाग वेगळा. परंतु संरक्षणमंत्र्याने समाजमाध्यमाला साक्षीदार म्हणून उभे करावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे. कारवाई थांबत असल्याची वार्तासुद्धा जगाला प्रथम कळली ती अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समाजमाध्यमावरील मजकुरातून. भारताचे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचे अधिकृत निवेदन त्यानंतर आले.

कराची आणि आपली आठवण

८ मेच्या रात्रीची एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले, अशी बातमी त्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी दिली. व्हॉट्सॲपवर ज्वाळांची दृश्ये आली. त्यांतील एक दृश्य अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात त्याच वर्षी जानेवारीत कोसळलेल्या विमानाचे होते. कराची बंदर जागच्या जागी होते. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाच्या वतीने सांगण्यात आले ते एवढेच, की कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत नौदल समुद्रात उभे होते. तयारी आणि प्रत्यक्ष हल्ला यांत पुष्कळ अंतर असते.

ही अफवा अनेक ज्येष्ठांना चटकन खरी वाटली. त्याचे कारण भाबडेपणा नव्हे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर खरोखरच हल्ला केला होता, आणि तो दिवस आपण आजही नौदल दिन म्हणून पाळतो. आज सत्तरीपंचाहत्तरीत असलेल्या मुंबईकर वाचकांना तेव्हाचा ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला काळा कागद आणि रेडिओभोवती बसलेले घर स्पष्ट आठवत असेल. मनात आधीच असलेल्या या खऱ्या चित्राचा आधार नव्या अफवेला मिळाला. ज्याला १९७१ ठाऊकच नाही, त्याच्या मनात ती इतक्या सहज शिरली नसती.

वैद्यकशास्त्राच्या अंगाने पाहिले तर यात दोन गोष्टी काम करतात. पहिली म्हणजे पुनरावृत्ती. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही विधाने लोकांना दोन दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवण्यात आली. जी विधाने पुन्हा कानावर पडली ती, खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटू लागली. त्यानंतर हा परिणाम अनेक प्रयोगांत दिसून आला आहे. एकच मजकूर भाच्याकडून, सोसायटीच्या गटातून आणि जुन्या कार्यालयीन मित्राकडून असा तीनदा आला, की मेंदू त्याला तीन साक्षी मानतो. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, किंवा एकही नसतो.

दुसरी गोष्ट वयाची. वय वाढते तशी ऐकलेली गोष्ट लक्षात राहते, पण ती कोठे ऐकली हे अधिक लवकर विसरले जाते. हा स्मृतिभ्रंश नव्हे; निरोगी वार्धक्याचाच तो भाग आहे. त्यामुळे “हे कोणीतरी थट्टेने पाठवले होते” ही आठवण पुसली जाते आणि “असे घडले म्हणे” एवढेच उरते. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवरील वर्तनाचा अभ्यास झाला, तेव्हा ६५ वर्षांवरील व्यक्तींनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्याचे आढळले. मात्र त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे: बहुसंख्य लोकांनी, ज्येष्ठांनीही, अशी एकही बातमी पाठवली नव्हती. म्हणजे वय हा दोष नव्हे; ती जपायची एक बाजू आहे, जशी गुडघ्यांची असते.

शब्द कसे काम करतात

राजकीय भाषणे पूर्वीही जहाल असत. परंतु सभा संपली की माणूस चालत घरी येई, वाटेत कोणाशी तरी वाद घाली, जेवण होई, झोप होई. रेडिओच्या बातम्याही ठरावीक वेळीच लागत. त्या काळचे सारे चांगले होते असे मुळीच नाही; युद्धकाळात आकाशवाणीवरून कळे ते सरकारला जेवढे सांगावेसे वाटे तेवढेच. पण दोन बातम्यांच्या मध्ये मोकळा वेळ असे आणि त्या वेळात मन निवे. आज त्याच भाषणातले सर्वांत तिखट वीस सेकंद कापून आपल्या हातात येतात, आणि ते संपण्यापूर्वीच पुढचे वीस सेकंद सुरू होतात.

ही निवड योगायोगाने होत नाही. ज्या मजकुरावर लोक थांबतात, प्रतिक्रिया देतात आणि जो पुढे पाठवतात, तोच अधिक लोकांना दाखवायचा, या तत्त्वावर समाजमाध्यमांची यंत्रणा चालते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ट्विटरवरील राजकीय मजकूर तपासला गेला. नीती आणि भावना या दोहोंना एकदम हात घालणारा एकेक शब्द वाढला, की तो मजकूर पसरण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होते. आणि हा प्रसार मुख्यतः आपापल्या गटातच होत होता. ‘गद्दार’, ‘बदला’, ‘नामोनिशाण मिटवा’ हे शब्द आपल्याकडे नेमके याच जातीचे आहेत. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार, ट्विटरवर १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि हे मुख्यतः यंत्रांमुळे नव्हे, तर माणसांमुळे घडत होते. असत्य नवे, धक्कादायक असते. म्हणून ते आपल्याच बोटांनी पुढे जाते.

संघर्षाच्या काळात फिरणाऱ्या अशा मजकुराच्या तीन खुणा ओळखता येतात. पहिली खूण: त्यात हल्लेखोर, त्यांचे सरकार आणि तेथील सामान्य माणसे यांतला भेद पुसून सगळ्यांचा एकच चेहरा केलेला असतो. दुसरी खूण घाईची: आत्ताच, आजच, सर्वांना पाठवा. तिसरी खूण सर्वांत घातक: जो प्रश्न विचारील तो आपला नव्हे, असे त्यात आधीच ठरवलेले असते.

या तिसऱ्या खुणेचा परिणाम १० मेनंतर लगेच दिसला. कारवाई थांबल्याचे निवेदन ज्यांनी केवळ सरकारच्या वतीने केले, त्या परराष्ट्र सचिव मिस्री यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर समाजमाध्यमांतून इतकी शिवीगाळ झाली, की त्यांना आपले खाते सर्वसामान्यांसाठी बंद ठेवावे लागले. निर्णय सरकारचा होता आणि ते त्याचे निवेदक होते. चार दिवस चढवत नेलेल्या संतापाला थांबण्याचा आदेश मानवला नाही. त्याला नवे लक्ष्य हवे होते. दुसरे उदाहरण याहून क्लेशकारक आहे. त्याच दिवसांत सीमेजवळच्या पुंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात सामान्य नागरिक मृत्यू पावले. त्यांतील एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले आणि तेथील पोलिसांना त्याचे जाहीर खंडन करावे लागले. आपल्याच देशाचा एक नागरिक शत्रूच्या गोळ्याने मेला आणि आपल्यातल्या काहींनी त्याच्या मरणावर समाधान मानले. शांत अवस्थेत आपल्यापैकी कोणी हे केले असते का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

शरीरात काय घडते

पडद्यावरचा स्फोट आणि दारातला स्फोट यांतला भेद बुद्धीला कळतो. पण शरीराच्या सावधगिरीच्या यंत्रणेला तो तितकासा कळत नाही. सायरन वाजला की ॲड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तात साखर सोडली जाते. तरुणाच्या शरीरात हा भर थोड्या वेळाने ओसरतो. उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सत्तरीतल्या शरीराला तो महाग पडतो. दर दहा मिनिटांनी नवी चित्रफीत आली, तर ओसरायला अवकाशच मिळत नाही. १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाने सर्व वाहिन्यांना कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज न वापरण्याची सूचना दिली, ती लोकांना त्या आवाजाची सवय होऊन खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून. आमच्या दृष्टीने ती सूचना हृदयरुग्णांच्याही हिताची होती.

अमेरिकेत २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्या घटनेच्या बातम्या पाहत होते, त्यांच्यात तीव्र मानसिक ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. घरी सुरक्षित बसलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत हे शरीराला पटवता आले नाही, असा याचा अर्थ.

आणि हेच शरीर मत बनवत असते. भयाच्या वा संतापाच्या भरात लक्ष अरुंद होते. धोका मोठा दिसतो, पर्याय कमी दिसतात, आणि साधे व कठोर उत्तर आकर्षक वाटते. जंगलात वाघ समोर असताना ही योजना उपयोगी आहे. दोन अण्वस्त्रधारी देशांतील संघर्षाविषयी मत बनवताना ती उपयोगी नाही. कठोर कारवाई हवी, असे एखाद्याचे मत शांतपणे विचार करूनही असू शकते, आणि ते मत त्याचे स्वतःचे असते. कोणते मत बाळगावे हे सांगणे डॉक्टरांचे काम नाही. धडधडत्या छातीने घेतलेले मत पुन्हा एकदा तपासा, एवढे मात्र सांगता येते.

त्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त गृहस्थांचा अनेक वर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब वाढलेला आढळला. रात्री दोनपर्यंत ते चित्रफिती पाहत. मुलाने चिडून हातातला मोबाइल काढून घेतला, आणि बापलेकांत दोन दिवस अबोला झाला. गोळी मी बदलली नाही. मोबाइलचा चार्जर बैठकीच्या खोलीत ठेवावा आणि रात्री नऊनंतर फोन तिथेच राहावा, एवढे दोघांच्या संमतीने ठरले. सकाळच्या बातम्या मुलगा त्यांच्यासोबत चहा घेताना पाहू लागला. दहा दिवसांनी रक्तदाब पूर्वीच्या ठिकाणी आला. केवळ यामुळेच आला असे म्हणता येणार नाही. परंतु झोप परत आली आणि बोलणेही सुरू झाले, हे निश्चित.

ज्येष्ठांनी काय करावे

१. बातम्यांना वेळ ठरवून द्या. दिवसातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास पुरे. झोपण्यापूर्वीचे दोन तास युद्धाला देऊ नका.

२. संतापजनक मजकूर आला, की पुढे पाठवण्यापूर्वी पाच मिनिटे फोन उलटा ठेवा. घरात रक्तदाबमापक असेल तर एकदा कुतूहलाने मोजून पाहा.

३. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे आणि पाठवणाऱ्याला त्याचा उगम बहुधा ठाऊक नाही, असे समजा. असा संदेश एका वेळी एकाच गटाला पाठवता येतो. ही मर्यादा व्हॉट्सॲपने २०२० मध्ये मुद्दाम घातली आहे.

४. बँक, पेन्शन, औषधे, रेल्वे यांविषयीच्या घबराटीच्या संदेशांची खातरजमा शाखेत फोन करून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात करा. औषधांचा पंधरा दिवसांचा साठा नेहमीच घरात ठेवा. मग अशा संदेशांची भीती आपोआप कमी होते.

५. छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूला अशक्तपणा, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर ‘बातम्यांमुळे असेल’ म्हणून थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सांभाळणाऱ्यांनी काय करावे

मोबाइल हिसकावू नका. एकट्या ज्येष्ठांसाठी तो केवळ बातम्यांचा डबा नाही; परगावच्या लेकीचा आवाज त्यातूनच येतो. ‘बाबा, तुम्हाला काही कळत नाही’ या वाक्याने अफवा जात नाही, फक्त संवाद जातो. त्याऐवजी ‘बाबा, हे कुठून आलं असेल? आपण दोघं शोधू या का?’ असे विचारा. फोनमधील चित्रफिती आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करून द्या. चारचौघांच्या गटात आईवडिलांची चूक दाखवू नका. ती बाजूला बसून सांगा.

घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर त्यांच्यासमोर युद्धाची दृश्ये मुळीच चालू ठेवू नका. पडद्यावरचे आत्ता आणि इथेच घडत आहे, असे त्यांना वाटू शकते. संध्याकाळची अस्वस्थता, खिडकीशी जाणे, दार बंद करण्याचा आग्रह यांमागे कधीकधी एवढेच कारण असते. दूरचित्रवाणी बंद करून जुनी गाणी लावल्याने जे साधते, ते नेहमी गोळीने साधत नाही.

वाचकहो, आपल्या समाजात अजूनही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन आहे. आजोबांनी पाठवलेला संदेश नातू निराळ्या विश्वासाने वाचतो, आणि आजी जेवताना ‘ते’ लोक असे म्हणते तेव्हा ‘ते’ म्हणजे कोण, हे तो आपल्या वर्गातल्या मुलांकडे पाहून ठरवतो. पुढचा संघर्ष कधी उद्भवेल हे आपल्या हाती नाही. तो उद्भवेल त्या रात्री आपल्या घरातून कोणता संदेश बाहेर जाईल, हे मात्र आपल्या हाती आहे. घराघरांत रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ पाळली जाते. तितक्याच काटेकोरपणे ही पाच मिनिटेही पाळावीत.